गोटीचा आवाज

कनिफिंगचं सांख्यिकी कार्यालय. वीज आहे, पंखा नाही.
सांकुंगच्या पडद्यावर दीडशे देश,
निवडायच्या तांदळातले खडे जसे.
आडवी मोजपट्टी पैशाची, उभी मोकळेपणाची,
आणि मधून वर चढत गेलेली एक रेघ,
जिन्याच्या कठड्यासारखी:
या, धरा, वर हवा बरी आहे.

त्याचा देश त्या रेघेला कधी टेकलाच नाही.
पासष्ट साली झेंडा चढला तेव्हा खिशात नुसता भुईमूग
आणि ठिपक्याला मात्र भलतीच उंची.
पाहुणे कौतुकानं विचारायचे,
एवढी गरिबी, आणि मतं कशी देता?

गोटीनं देतो.
काचेची गोटी, पोरं खेळतात तीच.
रंगवलेला पिंप, वर नळी, आत घंटी.
टण्‌. एकदाच.
तळाशी वाळू, गोटी पुन्हा बोलू नये म्हणून.
दोनदा वाजलं तर दारातला शिपाई उठतो.
त्या दिवशी केंद्राजवळ सायकलला बंदी,
न जाणो, घंटीचं कुणी मत समजायचं.

तीदा मावशीला अक्षरं येत नाहीत, रंग येतात.
खारफुटीच्या मुळांवरची कालवं खरवडून
तिच्या बोटांच्या रेषा कधीच झिजल्या.
शाईवाला बोट उलटसुलट करत बसतो.
"लाव कुठंही," ती म्हणते, "सगळी माझीच आहेत."

चौऱ्याण्णव साली बंदुका घेऊन पोरं आली.
ठिपका सरळ खाली पडला,
डावीकडे नाही, उजवीकडे नाही,
विहिरीत पोहरा सुटावा तसा.
पैसा होता तिथंच होता.
आणि घंटी? वाजत होती की.
दर पाच वर्षांनी, बावीस वर्षं, तितकीच गोड.
हे सांकुंगला अजून बोचतं.
आवाजावरून कळत नाही
गोटी कुणी ऐकली, की ती नुसतीच पडली.

बासेलहून सल्लागार आला होता, रेटो नावाचा, भला माणूस.
पुलाखाली कालवं खाता खाता म्हणाला,
आधी पोटोबा, मग पिंप.
श्रीमंती आली की बाकीचं मागून येतं, पन्नास वर्षं धीर धरा.
मावशीनं त्याला आणखी एक वाटी मोजून दिली.
वाटीच्या तळाशी चिंधी कोंबलेली असते,
ते त्याला कळलं नाही.
सांकुंगला कळलं. तो गप्प राहिला.

त्या रात्री त्यानं एक खटाटोप केला.
देशाला शेजाऱ्याशी ताडायचं नाही,
ज्याला त्याला त्याच्याच कालच्याशी ताडायचं.
रेघ हळूहळू वाकली, आडवी झाली,
उन्हात बसकण मारलेल्या म्हशीगत
उठेचना.
मग त्यानं काळ ताणला, पाचशे वर्षं मागे.
आता ती पुन्हा उठली,
पण तिला जिना म्हणायची त्याची जीभ होईना.
पैसा आणि मत, दोन्ही वाटा
कुठल्यातरी जुन्याच उतारावरून फुटलेल्या.
कुठल्या, ते आकड्यात नव्हतं.
खिडकीबाहेर नदीचं मुख होतं.
इथली पहिली मोजदाद म्हणे माणसांची झाली,
नगांवर,
आणि मोजलेलं सगळं बोटीनं गेलं.

सोळा सालचा डिसेंबर.
हिरवा पिंप, करडा, जांभळा.
मावशी पहाटे चारपासून रांगेत, शिळा भात बांधून.
रात्री भोकांच्या फळीत गोट्या ओतल्या,
कंदिलाच्या उजेडात मोजल्या, परत मोजल्या,
कारण आकड्यावर कुणाचाच विश्वास बसेना,
मोजणाऱ्याचासुद्धा.

ठिपका वर सरकला. पैसा? होता तिथंच.
सांकुंगनं टीप लिहायला घेतली, "कारण",
आणि पुढं पेन टेकवून ठेवलं.
कागदावर शाईचा गोल वाढत गेला.

बाहेर सायकली परत आल्या होत्या.
सगळ्या एकदम वाजत होत्या
आणि कुणीही मोजत नव्हतं.